ठराव झाला, पाणी कुठंय?

(परभणीतल्या एका वस्तीत, विहाराच्या ओट्यावर, तरुण मित्रांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, थोडं नीटनेटकं केलंय.)



पोरांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी हसलो. विषय काय, तर लिनक्स आपल्या घरात चालेल का? ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर आलाय, ज्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांना ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम झेपेल का? मी म्हणालो, अरे मी गोदीत लोखंड उतरवणारा माणूस. दहावी पास. कविता करतो म्हणून तुम्ही मला ओळखता. यासाठी एखादा इंजिनिअर धरा की. तर तिकडून पोरगं म्हणालं, "इंजिनिअर त्याला झेपतं का ते सांगेल. आम्हाला ते विचारायचंच नाही."

बरोबर बोलला. म्हणून देवगिरीच्या जनरल डब्यात रात्र काढून आलोय.

पहिला आक्षेप मीच घेतो, तुम्ही घ्यायच्या आत. याच शहरात १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, संविधानाची प्रतिकृती फोडली. पुढं धरपकड झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. अशा गावात येऊन तू कॉम्प्युटरवर बोलणार? लाज वाटत नाही?

वाटते. पण मला सांगा, त्यानंतर निवेदनं लिहिली, अर्ज लिहिले, ते टाइप कुठं केले? कोर्टाबाहेरच्या टपरीवर, पानाला इतके रुपये देऊन. आपली तक्रार दुसऱ्याच्या मशीनमध्ये राहिली. कास्ट सर्टिफिकेट दुसऱ्याच्या मशीनमध्ये. पोरीच्या स्कॉलरशिपचा पासवर्ड नेट कॅफेवाल्याच्या वहीत. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. आज शिकायचं म्हटलं तर त्यात हे मशीनही आलं. ते घरात असावं, आणि घरात आल्यावर आपलं असावं. त्या हिशेबानं मी बोलणार आहे.

आता माझ्या घरची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून एक जुना डेस्कटॉप घेतला. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. साडेसहा हजार. गोधडीत गुंडाळून पूर्णेला घरी नेला. बहीण भरतीची तयारी करते, तिच्यासाठी. आत विंडोज १० होतं, चोरीचं. वस्तीत सगळ्यांच्या मशीनवर चोरीचंच असतं. पडद्याच्या कोपऱ्यात ते ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरात लिहिलेलं दिसत राहतं, सावकारानं उंबऱ्यावर बसावं तसं. ते घालवायला दुकानदार एक फाइल चालवतो. त्या फाइलीबरोबर काय काय आत येतं ते देव जाणे. आपण देव मानत नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही. मशीन दोन-तीन महिन्यांत बसायचं. मग रिक्षात घालून दुकानात न्या, चारशे रुपये द्या, फॉरमॅट करून आणा. वर्षात चार वेळा. सोळाशे रुपये. माझी किती दिवसांची हजेरी झाली, धरा हिशेब.

त्यात कंपनीनं जाहीर केलं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार बंद. फार तर एक वर्षाची मुदतवाढ. विंडोज ११ पाहिजे तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही चिप पाहिजे, प्रोसेसर ठरलेल्या यादीतला पाहिजे. माझं मशीन त्या यादीत नाही. तुमचंही नसेल, कारण आपल्याकडं येतं तेच मुळी साहेबानं टाकलेलं. चालतं मशीन, पण यादीत नाव नाही. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून मी लिनक्सकडं वळलो. तत्त्वासाठी नाही. खोटं कशाला बोलू? सोळाशे रुपयांसाठी.

गोदीतल्या टॅली क्लार्कच्या पोरानं मला पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून दिलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. मशीनला पेन ड्राइव्ह लावला. बसवायला घेतलं तेव्हा पहिल्याच पडद्यावर भाषा निवडा म्हणून यादी आली. त्या यादीत मराठी होतं. मी इंग्रजी दाबलं. का दाबलं? मला वाटलं, मराठी दाबलं तर मशीन कमी दर्जाचं चालेल. नीट ऐका. मी, विद्रोही कविता लिहिणारा, भाषेवर भाषणं ठोकणारा, मला माझ्या भाषेबद्दल असं वाटलं. मग पुढं एक पडदा आला. डिस्क पुसून टाकून मग बसवू का, असं त्यानं विचारलं होतं. इंग्रजीत. खाली इशाराही होता, तोही इंग्रजीत. मी ओळ वाचली, अर्थ अर्धा लागला, आणि मुकादम म्हणतो ना, चल पुढं, तसं ‘कंटिन्यू’ दाबलं.

सगळं गेलं. बहिणीच्या दोन वर्षांच्या नोट्स गेल्या. ते एक वेळ सोडा. माझा बाप गाणारा होता. दर १४ एप्रिलला विहारापुढं उभा राहून गायचा. बाप गेला. बहिणीनं मोबाइलवर घेतलेली त्याची गाणी त्या मशीनमध्ये ठेवली होती, आणि तो मोबाइल कधीच मोडीत गेला होता. बापाचा आवाज मी एका बोटानं पुसला.

माय काही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आरं, मशीन कसलं बी आण. पर त्यात ठिवलेलं गेलं तर परत येतंय का?" बहीण पंधरा दिवस बोलली नाही. पुढं चुलत भावाच्या मोबाइलमध्ये एक गाणं सापडलं, तेही अर्धं. तेवढंच आता आहे.

हे मी रडायला सांगत नाही. विषय हाच आहे. ‘सामान्य माणसाला झेपेल का’ असं विचारतात तेव्हा सामान्य माणूस म्हणजे हा. ज्याच्या शेजारी चूक दाखवणारं कुणी उभं नाही, आणि ज्याला चूक परवडत नाही. नंतर कळलं की तोच पेन ड्राइव्ह लावून, मशीनला हात न लावता, आधी सगळं चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, सगळं बघा, आवडलं तर बसवा, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्या. मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता त्यानंतरच्या दिवसांचा जमाखर्च मांडतो. खरा मांडतो, प्रचार करत नाही.

जमा. मशीन बसलं नाही. एकदाही रिक्षात घालावं लागलं नाही. चार जीबीत निवांत चालतं. बहिणीनं महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म घरी भरला, कारण ते सगळं ब्राउझरमध्येच असतं आणि ब्राउझर तोच, फायरफॉक्स. वायफायचं यंत्र नव्हतं, तर मोबाइल यूएसबीच्या वायरनं जोडला आणि नेट सुरू. लिब्रे ऑफिसात अर्ज लिहिते, त्याची पीडीएफ करते. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आत असतो. आणि माय. मायला वाचता येत नाही. मी पडद्यावर बाबासाहेबांचा छोटा फोटो लावला. त्यावर दाबलं की भीमगीतं लागतात. ती रोज लावते. शेजारची काकू आली, म्हणाली, "ह्ये कसलं इंडोज हाय गं?" माय म्हणाली, "काय की बाई, पर दाबलं की लागतंय."

खर्च. शेजाऱ्याचा जुना प्रिंटर लागला नाही तो नाहीच लागला. बहिणीच्या क्लासातून आलेल्या नोट्स जुन्या फॉन्टातल्या. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार चिकटवलेले असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. युनिकोडमधलं असेल तर काही त्रास नाही, पण क्लासवाले आणि कैक छापखाने अजून जुन्यालाच धरून बसलेत. आणि मोठी अडचण टायपिंगच्या परीक्षेची. क्लार्कच्या नोकरीला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, आणि क्लासातली मशीनं विंडोजची. हात त्यावर बसवावा लागतो. मी बहिणीला म्हणालो, क्लासात तेच वापर. तिच्या नोकरीवर माझं तत्त्वज्ञान लादणार नाही. तुमच्यापैकी कुणी दुकानात हिशेब लिहीत असाल, टॅलीवर पोट असेल, तर घाई करू नका. पोट आधी.

तर उत्तर काय? ज्या घरात अर्ज, अभ्यास, गाणी, व्हिडिओ, पत्र एवढंच काम आहे, त्या घराला हे झेपतं. मायला झेपलं. मग वस्तीत ते दिसत का नाही?

याचं कारण मशीनमध्ये नाही. माझ्या ध्यानात ते हळूहळू आलं.

तुमच्या खिशात मोबाइल आहे ना? अँड्रॉइड? त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. कुणी म्हणतं का मोबाइल आमच्या मायला झेपत नाही? नाही म्हणत. कारण तो दुकानातून बसवून आला, आणि अडलं तर शेजारचं दहा वर्षांचं पोरगं सांगतं. विंडोज सोपं आहे ते याच कारणानं. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हणून गावोगावच्या पोरांनी फी भरून विंडोज, वर्ड, एक्सेल घोकलं. एका कंपनीच्या मालाची सवय सगळ्या राज्याला लागली, आणि फी आपल्या बापानं भरली. मग म्हणायचं, लोकांना हेच सोपं वाटतं!

उलट केरळ बघा. तिथल्या सरकारनं शाळांसाठी २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल सुरू केलं, पुढं सरकारी शाळांतली मशीनं मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. शिक्षकांना शिकवलं, मल्याळममधून पुस्तकं काढली. आता ते काम काइट नावाची सरकारी कंपनी बघते. २०१९ मध्ये दोन लाखांवर मशीनं याच पद्धतीवर होती, आणि तीन हजार कोटी रुपये वाचले असा त्यांचा हिशेब होता. तिथली सुताराची पोर जन्मतः इंजिनिअर नसते. तिच्या शेजारी शिकवणारा उभा केला, एवढंच. आणि जर्मनीतलं म्युनिक शहर! २००३ मध्ये नगरपालिकेनं लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो मशीनं नेली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. एवढं श्रीमंत शहर. म्हणजे नुसत्या ठरावानं, नुसत्या पैशानं हे टिकत नाही.

हे लिनक्स आलं कुठून, तेही दोन वाक्यांत सांगतो. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन म्हणून एक माणूस. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड त्याला कुणी दाखवेना. त्याचं डोकं फिरलं. १९८३ मध्ये त्यानं जाहीर केलं, मी अशी सिस्टिम लिहीन जी कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं तिचा गाभा लिहिला. सोर्स कोड म्हणजे मशीन कसं चालतं त्याची पोथी. आपल्याला पोथीचा इतिहास माहीत आहे. शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं ओता, असं लिहिणारी माणसं या देशात झाली. कंपनी शिसं ओतत नाही, लायसन्सवर ‘आय ॲग्री’ दाबायला लावते. पोथी मात्र दोघांचीही सोवळ्यातच.

म्हणून ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. चोरीचं विंडोज फुकट आहे, मुक्त नाही. तुम्ही चोर ठरता आणि गुलामही राहता.

पण मुक्त म्हटलं की नाचायला लागू नका. मी गोदीतला आहे, एक गोष्ट मला ठाऊक आहे. कंटेनरच्या चार कोपऱ्यांत भोकं असलेले लोखंडी ठोकळे असतात. क्रेनचे दात त्यात बसतात. जगातला कुठलाही कंटेनर, कुठलीही क्रेन. हे कसं झालं? माल्कम मॅक्लीन या अमेरिकन धंदेवाल्यानं त्याची पेटंट १९६३ मध्ये सगळ्यांना मोकळी केली. सोर्स कोड खुला करावा तसं. मग सगळ्या जगाचं एकच माप झालं. माल स्वस्तात फिरायला लागला. आणि हातात आकडा घेऊन गोण्या उतरवणाऱ्या टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या. मुंबईच्या पलीकडं न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, कंटेनर तिकडं वळले. आमच्यातले म्हातारे अजून सांगतात, पूर्वी एका जहाजाला किती माणूस लागायचा. माप खुलं झालं, पण ते कुणाच्या हातात होतं? मालकाच्या. लिनक्सचंही तेच. जगातल्या बड्या बड्या कंपन्या आपली मशीनं त्यावरच चालवतात, अब्जावधी कमावतात. खुलं आहे म्हणून ते आपोआप गरिबाचं होत नाही.

चवदार तळ्याचं बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. आणि पाणी? तीन वर्षं कुणाच्या ओठाला लागलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. लिनक्स आज १९२४ च्या चवदार तळ्यासारखं आहे. वाचायला खुलं, बदलायला खुलं, वाटायला खुलं. जाणारं कोण आहे?

जात नाही म्हणून काय होतं सांगतो. बहिणीनं पुढं भाषा मराठी केली. मेनूत कितीतरी शब्द असे निघाले की मलाच इंग्रजी बरं वाटलं. सरकारी परिभाषेतली मराठी! धारिका म्हणे, कळफलक म्हणे. माझी माय फाइल म्हणते, बटण म्हणते. पूर्णेतली कुठली पोरगी शेजारणीला सांगते, ‘जरा ती धारिका जतन कर’? ज्यांनी हे केलं त्यांना शिव्या देणार होतो. मग कळलं, फुकट राबून, रात्री जागून केलंय त्यांनी. ते तिथं गेले, आपण गेलो नाही, म्हणून शब्द त्यांचे आले. आणि इथंच खरा फरक आहे. विंडोजमधला शब्द खटकला तर फार तर कंपनीला कळवा. इथं मात्र मराठी भाषांतर करणाऱ्यांत कुणीही जाऊन बसू शकतो. इंजिनिअर लागत नाही. मराठी येणारा माणूस लागतो. आमच्या पिढीआधीच्या लेखकांनी वस्तीची भाषा पुस्तकात घुसवली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! मशीनच्या आत ती अजून शिरलेली नाही. हे काम कवींचं आहे, माझ्यासकट.

तर काय करायचं? संघटनेनं ठराव करू नये. ठरावाचं काय होतं ते आत्ताच सांगितलं. प्रत्येक विहारात एक पोरगा, एक पोरगी अशी दोघं तयार करा, ज्यांना पेन ड्राइव्ह लावता येतो, आधी न पुसता चालवून दाखवता येतं, आणि चूक झाली तर घरी येऊन बसता येतं. एक जुनं मशीन विहारात ठेवा. मुलं त्यावर हात बसवतील. ज्याची टायपिंगची परीक्षा आहे त्याचं विंडोज काढू नका. दोन्ही एका मशीनवर शेजारी शेजारी नांदतात. त्याला हसूही नका. आणि घरात बसवायला जाल तेव्हा भाषेच्या यादीत मराठी दाबा. वाईट मराठी असेल तर ती दुरुस्त करू, पण दाबा मराठी.

हे शिकवणारं माणूस वस्तीत असेल तर लिनक्स आपल्या मायलाही झेपतं. नसेल तर ते पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांचं खेळणं राहील, आणि आपण कोपऱ्यातलं ते फिकट अक्षर बघत चारशे रुपये मोजत राहू.

मी चार पेन ड्राइव्ह आणलेत. भाषण संपलं की ओट्यावर बसणार आहे, रात्रीच्या गाडीपर्यंत. ज्याला बसवून पाहिजे त्यानं मशीन घेऊन यावं. पण आधी घरी जा. त्यातले फोटो, कागद, आणि कुणाचा आवाज असेल तर तो, दोन ठिकाणी काढून ठेवा. दोन ठिकाणी. ते झालं की मग मला हाक मारा.

जयभीम.